काटा थांबला, पट्टा सैलावला

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी दोन सख्ख्या भावांच्या पेढ्या आहेत. थोरले भुसार मालाचे आडते, धाकटे कापडाचे व्यापारी. थोरल्यांचे उभे आयुष्य वजनकाट्यासमोर गेले, धाकट्यांचे मोजपट्टीसमोर. गेल्या हिवाळ्यात या दोन मापांचा वाद थोरल्यांच्या प्रकृतीवरच येऊन ठेपला, आणि त्यातून जे उमगले ते घरोघरी उपयोगी पडावे असे आहे.

थोरल्यांचे वय 54, वजन 86 किलो, कंबर 42 इंच. रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षांची सोबतीण. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलाने कीटो आहाराचा आग्रह धरला. चातुर्मास संपून हिरव्या पालेभाज्या पुन्हा स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा प्रारंभ झाला. भात, पोळी, साखर, डाळ, फळे बंद. पनीर, तूप, बदाम, खोबरे, दुधी, दोडका, काकडी, मेथी, पालक चालू. बटाटा आणि इतर कंदमुळे या घरात मुळातच नव्हती, त्यामुळे निम्मे पथ्य आयतेच पाळले गेले. जोडीला रोज सकाळी चालणे आणि घरच्या घरी हातापायांना जोर देणारे व्यायाम सुरू झाले.

पहिल्या दहा दिवसांत काटा 86 वरून 83 वर आला. पेठेत कौतुक झाले. त्यानंतर मात्र पाच आठवडे काटा 83 वरून हलला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर काट्याचा शब्द अंतिम मानला, त्याला हा स्वतःचा पराभव वाटला. त्यांनी आधी सायंकाळचे जेवण निम्म्यावर आणले, मग पनीर बंद केले, मग एक दिवसाआड उपवास धरला. कोणालाही विचारले नाही. रक्तदाबाची गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू होती. एका सकाळी आडतीवर लिलाव चालू असताना ते गादीवरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शेजारच्या हमालाने सावरले म्हणून कठड्यावर डोके आपटायचे वाचले.

धाकटे धावत आले. भावाला सावरताना त्यांच्या लक्षात आले की, दादांचा पट्टा दोन भोके आत गेला आहे आणि विजार तरीही सैल आहे. त्यांनी खिशातली टेप काढली. कंबर भरली 40 इंच. ते एवढेच म्हणाले, “दादा, तुमचा काटा खोटा नाही, पण तो अर्धेच सांगतो.”

ओल्या मालाचा हिशेब

काटा अर्धे सांगतो म्हणजे काय, हे आडत्याला परक्याने शिकवण्याची गरज नसते. नवे सोयाबीन बाजारात येते तेव्हा त्यात ओलावा असतो. ते वाळले की वजन घटते, पण पोत्यातला एक दाणाही कमी झालेला नसतो. शरीराचे पहिल्या आठवड्यातले गणित नेमके हेच आहे.

आपण खाल्लेल्या धान्य-साखरेचा काही साठा शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने ठेवते. प्रौढ माणसात हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. दिवसाचे कर्बोदक 20 ते 50 ग्रॅमवर आणले की हा साठा उतरतो व त्याचे पाणी बाहेर पडते. रक्तातील इन्सुलिन घटल्याने मूत्रपिंडेही अधिक मीठ व पाणी टाकू लागतात. म्हणून पहिल्या दहा दिवसांत गेलेल्या 3 किलोंत चरबी थोडी आणि ओलावाच जास्त होता.

याची उलट बाजू आपल्या घरांत अनेकांनी अनुभवली आहे. उपवासात उतरलेले वजन पारण्यानंतर दोन-तीन दिवसांत बरेचसे परत येते. तपाचा हेतू वजन नव्हेच. परंतु हे परतलेले वजन म्हणजे चरबी नव्हे, पाणी व साठा आहे, एवढे जाणून घ्यावे. त्याचप्रमाणे, आयंबिलाच्या ओळीत धान्यच प्रमुख आणि तूप-दूध वर्ज्य असते, तर कीटोत धान्य वर्ज्य आणि स्निग्ध प्रमुख. दोहोंचा मेळ बसत नाही. ओळीच्या दिवसांत कीटोचा आग्रह सोडावा आणि काट्याकडे पाहू नये, हेच श्रेयस्कर.

काटा थांबला त्या पाच आठवड्यांत

एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी असतात. रोजच्या गरजेपेक्षा 300 कॅलरी कमी खाल्ल्या, तर एक किलो चरबी जायला सुमारे 25 दिवस लागतात. म्हणजे पाच आठवड्यांची खरी कमाई दीड किलोच्या आत. उलट शरीरातील पाण्याची रोजची चढउतार सहज एक किलोची असते. एखाद्या दिवशी खारट पदार्थ खाल्ला, पोट साफ झाले नाही, रात्री पाणी घेतले की न घेतले, इतक्यानेही काटा सरकतो. चौविहार पाळणाऱ्याचे सकाळचे वजन आणि न पाळलेल्या दिवसाचे वजन यांची तुलना करणे म्हणजे कोरडे आणि भिजलेले पोते शेजारी ठेवण्यासारखे आहे.

त्यात व्यायामाची भर पडली. ज्यांना सवय नाही त्यांनी व्यायाम सुरू केला की स्नायू दुरुस्तीसाठी काही काळ पाणी धरून ठेवतात, आणि पुरेशी प्रथिने मिळाली तर हळूहळू वाढतातही. चरबीचा दीड किलो खर्ची पडला आणि स्नायू-पाण्याचा तेवढाच जमेला आला, तर खात्याची शिल्लक जैसे थे दिसते. एखाद्या दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल निघून तेवढ्याच किमतीचा खपाऊ माल भरला, तर ताळेबंदातला साठ्याचा आकडा बदलत नाही. दुकानाची प्रकृती मात्र बदललेली असते.

मग इंच का घटतात? जुन्या बाजारात धान्य पायलीने मोजत. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढे किलोग्रॅम सर्वत्र रुळला, तरी पायलीची गोष्ट वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे: पायलीभर बाजरी आणि पायलीभर शेंगा यांचे वजन एक नसते. शरीराचेही तसेच. एक किलो चरबी सुमारे 1.1 लिटर जागा व्यापते, एक किलो स्नायू सुमारे 0.95 लिटर. हा फरक लहान आहे, त्याचे अवडंबर माजवू नये. खरा फरक जागेचा आहे. चरबी पोटावरून जाते. स्नायू हातापायांत, पाठीत विखरून येतात. शिवाय साखर-मैदा बंद झाल्याने अनेकांच्या पोटातील वायू व फुगारा कमी होतो, आणि तोही पट्ट्याला जाणवतो.

कमरेचे महत्त्व

कमरेचा इंच हा केवळ शिंप्याचा विषय नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्याच्या हिशेबात दोघे समान, चरबीच्या हिशेबात दुपटीहून अधिक अंतर. भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले.

यातही पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी अधिक घातक. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी तिचे नाते निकटचे आहे. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, अशी धरतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा त्याहून सोपा नियम. या मापाने थोरल्यांचे 40 इंच अजून धोक्याचेच होते. पण दिशा योग्य होती, आणि तीच त्यांना काट्यावर दिसत नव्हती.

टेपही फसवते

मात्र टेपवर आंधळा विश्वास ठेवणेही व्यवहाराचे नव्हे. माप सकाळी, पोट साफ झाल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घ्यावे. पोट आत ओढून घेतलेले माप म्हणजे फुगवलेली विक्री. आठवड्यातून एकदाच मोजावे, आणि कमरेबरोबर दंड व मांडी यांचीही नोंद ठेवावी. कंबर घटत असून दंड-मांडी टिकून असतील तर चरबी जात आहे असे समजावे. दंड-मांडी झपाट्याने बारीक होऊन कंबर तशीच राहिली, तर मुद्दलच खर्ची पडते आहे. थोरल्यांनी पनीर बंद केले तेव्हा ते नेमके याच वाटेला लागले होते. मांस-अंडी न खाणाऱ्या, आणि कीटोत डाळही सोडलेल्या माणसाच्या ताटातून पनीर गेले, तर प्रथिने उरतात किती?

काटा आणि टेप दोन्ही सहा आठवडे जागच्या जागी राहिले, तर ओलाव्याचे कारण पुरत नाही. मग वही तपासावी. एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे 135 कॅलरी, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम बदाम म्हणजे सुमारे 170. ‘कीटोत चालते’ म्हणून दिवसभरात चार चमचे तूप आणि तीन मुठी बदाम झाले, की हजारावर कॅलरी नकळत नावे पडल्या. काजू तर बदामाचा भाऊ समजून खाल्ला जातो. त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 30 ग्रॅम कर्बोदके असतात.

गोळीचा प्रश्न

या साऱ्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची नोंद डॉक्टरांकडे झाली. शरीरातील मीठ व पाणी घटल्याने थोरल्यांचा रक्तदाब आधीच उतरला होता. त्यात उपवास आणि जुन्याच मात्रेतील गोळी. डॉक्टरांनी रक्तदाब बसून व उभे राहून मोजला, गोळीची मात्रा निम्मी केली, उपवास थांबवायला सांगितले आणि सूर्यास्तापूर्वी दिवसभर पुरेसे पाणी विभागून घेण्याची ताकीद दिली.

कीटो आहाराचा जन्मच मुळी औषध म्हणून झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी 1921 साली अपस्माराच्या रुग्णांसाठी तो सुचवला आणि त्याचे नावही दिले. जे औषध म्हणून आले ते औषधाच्या सावधगिरीनेच घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना धान्य अचानक सोडले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गाच्या गोळ्या आणि कीटो एकत्र आले, तर साखरेचा आकडा फारसा न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी हा आहार स्वतःच्या मनाने करू नये. काहींच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल तूप-लोण्याच्या भाराने वाढते. म्हणून आरंभी आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी.

थोरल्यांच्या तपासणीत साखर आणि ट्रायग्लिसराइड उतरलेले दिसले, कोलेस्टेरॉल मात्र थोडे वर सरकलेले. डॉक्टरांनी सुवर्णमध्य काढला. तूप कमी केले, पनीर परत आणले, मुगाच्या डाळीची वाटी आणि दुपारी ज्वारीची एक भाकरी ताटात आली. कीटो संपला, साखर-मैदा वर्ज्य आणि व्यायाम कायम, एवढी शिस्त उरली.

आता आडतीवरच्या गल्ल्यात एक लहान वही असते. तिच्यात दोन रकाने आहेत, एक किलोचा आणि एक इंचाचा. रविवारी सकाळी काट्याची नोंद थोरले करतात आणि टेप धाकटे धरतात. भाकरी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा 83 वरून 84 वर गेला. घरातली मंडळी चिंतेत पडली. थोरल्यांनी कंबर मोजून घेतली, ती 40 च होती. त्यांनी 84 च्या पुढे बारीक अक्षरांत ‘ओलावा’ असे लिहिले आणि वही मिटून लिलावाला गेले.