संशयित आणि आपण

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये,’ हा उपदेश लहानपणापासून आमच्या कानांवर पडत आला आहे. वाचकांच्याही पडला असेल. त्याचा एक परिणाम असा झाला आहे कीं, सुशिक्षित कुटुंबांत तिथिनिर्णयापासून प्राप्तिकरापर्यंत सर्व विषयांची चर्चा होते, परंतु पोलीस एखाद्यास चौकशीस नेतात तेव्हां कायदा काय म्हणतो, हें क्वचितच कोणास ठाऊक असतें. आम्हांसही तें ठाऊक नव्हतें. त्या अज्ञानाचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांतून सोन्याची एक पाटली नाहींशी झाली. घर एकत्र, माणसें पुष्कळ, त्यांत सणाची गडबड. संशय कोणावर जावयाचा हें जणूं ठरलेलेंच होतें: भांडीं घासणाऱ्या बाईवर. आम्हीं चौकीवर वर्दी दिली, तिचें नांव सांगितलें आणि घरीं येऊन स्वस्थ बसलों. बाईला सायंकाळीं चौकीवर नेलें व रात्रीं उशिरा सोडलें. तेथें तिला पुष्कळ वेळ उभें करून दरडावलें आणि एका लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतला. त्यांत काय लिहिलें होतें तें तिला कोणीं वाचून दाखविलें नाहीं. आठ दिवसांनीं पाटली सोवळ्याच्या पेटींत सांपडली. क्षमा मागण्यासाठीं आम्ही तिच्या घरीं गेलों, तेव्हां ती इतकेंच म्हणाली, “मास्तर, तुम्ही चार बुकं शिकलेले. निदान माझ्यासंगं चौकीवर तरी यायचं होतं.”

त्यानंतर आम्हीं कायदा वाचावयास घेतला.

शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा नववा अंक आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला असेल. न्यायसभेंत विदूषकाच्या कांखेंतून दागिने खालीं पडतात. चारुदत्त आपल्या बचावार्थ धड बोलत नाहीं. आणि त्याला वधाची शिक्षा होते. पुढें वसंतसेना तर जिवंत निघते! आजच्या कायद्याचें तत्त्व याच्या नेमकें उलट आहे. राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणें कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करतां येत नाहीं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ सालीं कटक येथील ठाण्यांत बोलावून लेखी प्रश्न दिले होते. त्यांनीं उत्तरें नाकारलीं. १९७८ सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निर्णय दिला कीं, मौनाचें हें संरक्षण न्यायालयांतच नव्हे, तर पोलिसांच्या चौकशीपासूनच लागू होतें. स्त्रीला ठाण्यांत बोलावल्याबद्दलही न्यायालयानें पोलिसांस दोष दिला. तथापि ज्या प्रश्नाच्या उत्तरानें आपण गुन्ह्यांत गोंवले जात नाहीं, त्याचें खरें उत्तर देणें हें कर्तव्यच आहे.

दुसरें तत्त्व कबुलीविषयीं. मद्रास इलाख्यांत कबुली काढण्यासाठीं होणाऱ्या छळाचा अहवाल १८५५ सालीं एका आयोगानें सादर केला. पुढें १८६१ च्या फौजदारी कायद्यांत व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत नियम झाला कीं, पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होऊं शकत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे. कबुलीमुळें एखादी वस्तु प्रत्यक्ष हातीं लागली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. कबुली द्यावयाची ती दंडाधिकाऱ्यापुढें. आणि ‘ती देण्यास तूं बांधलेला नाहींस, ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल,’ असें त्यानें आधीं समजावून सांगितलें पाहिजे. तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबानीवर जबानी देणाराची सही वा अंगठा घ्यावयाचा नसतो, हें वाचलें तेव्हां आम्हांला त्या बाईचा अंगठा आठवला.

तिसरी गोष्ट अटकेची. पश्चिम बंगालमधील कोठडींत होणाऱ्या मृत्यूंविषयीं डी. के. बसू यांनीं १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. त्यांतून १९९६ सालीं निर्णय झाला. अटक करणाराच्या अंगावर नांवाची पट्टी हवी. अटकेचा कागद कुटुंबांतील माणसाच्या किंवा वस्तींतील प्रतिष्ठित गृहस्थाच्या साक्षीनें व्हावा. आप्तांस खबर द्यावी. दर ४८ तासांनीं वैद्यकीय तपासणी व्हावी. अटकेचें कारण सांगणें, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करणें, चौकशीच्या वेळीं वकिलाची भेट घेऊं देणें, हेंही कायद्यानें बंधनकारक आहे. मात्र वकील सर्व वेळ शेजारीं बसेलच असें नाहीं. अपवादात्मक प्रसंगाखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं अटक करतां येत नाहीं. केवळ माहिती विचारावयाची असेल, तर स्त्रीला, १५ वर्षांखालील मुलाला किंवा ६० वर्षांवरील वृद्धाला राहत्या घराबाहेर येण्यास भाग पाडतां येत नाहीं. स्त्रियांस व कोठडींत असलेल्यांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देतें. त्यास उत्पन्नाची अट नाहीं.

कोणी म्हणेल, इतकें संरक्षण दिल्यास चोर मोकळे सुटतील. परंतु हे नियम तपास थांबवीत नाहींत. ते केवळ धाक घालून काढलेल्या कबुलीवर विसंबूं देत नाहींत. त्या रात्रीं भयानें बाई ‘होय’ म्हणाली असती, तर ‘चोर सांपडला’ म्हणून आमचें समाधान झालें असतें, आणि सोवळ्याची पेटी उघडावयाची कोणास बुद्धि झाली असती?

निर्णयांतील ‘वस्तींतील प्रतिष्ठित गृहस्थ’ या शब्दांवर आमची नजर पुष्कळ वेळ खिळून राहिली. तो गृहस्थ आपणच. वर्दी देण्यापूर्वीं आपलें घर नीट शोधावें. ज्याचें नांव सांगूं, त्याच्याबरोबर स्वतः जावें, वकिलाची सोय पहावी, आणि तो घरीं परत पोंचेपर्यंत स्वस्थ बसूं नये. ती बाई आमच्याकडे पुन्हा कामास आली नाहीं. तिच्या त्या वाक्याचें उत्तर आम्हांपाशीं अजूनही नाहीं. तें ऐकण्याची पाळी आमच्या वाचकांवर न येवो.