रोजच्या वस्तूंची कला : दुकानाचे शटर

पॉप आर्ट हा प्रवाह १९५०च्या दशकात लंडनमध्ये सुरू झाला आणि पुढच्या दशकात अमेरिकेत फोफावला. जाहिराती, कॉमिक, खाण्याचे डबे, घरगुती यंत्रे हाच त्याचा कच्चा माल. रिचर्ड हॅमिल्टनने १९५६ मध्ये मासिकांतली कात्रणे चिकटवून एक आधुनिक दिवाणखाना रचला. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. चवी वेगळ्या, डबा मात्र एकसारखा. कारखान्यातला हा एकसारखेपणाच वॉरहॉलला दाखवायचा होता.

भारतात हा प्रवाह आला तेव्हा बाजारातल्या बऱ्याच वस्तूंवर अजून हाताची छाप होती. मुंबईत जन्मलेले भूपेन खक्कर पेशाने सनदी लेखापाल. १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथे त्यांचा पॉप आर्टशी परिचय झाला. आधी त्यांनी बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केले, मग छोट्या दुकानांकडे वळले. १९७२ च्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’मध्ये घड्याळदुरुस्तीचे साधे दुकान आहे. वॉरहॉलच्या डब्यामागे माणूस दिसत नाही. खक्कर यांच्या चित्रात कारागीर आपल्या दुकानात बसलेला आहे. इथल्या पॉपचे वेगळेपण इथूनच सुरू होते.

हे वेगळेपण सर्वांत ठळक झाले घाटकोपरच्या अतुल दोडिया यांच्या कामात. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या दोडियांनी २००० च्या सुमारास कॅनव्हासऐवजी दुकानाचे खरेखुरे लोखंडी शटर घेतले आणि त्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर वापरतात त्याच एनॅमल रंगाने चित्रे काढली. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईने बाजारच्या बाजार शटर ओढून बसलेले पाहिले होते. मुंबईकरांसाठी बंद शटरचा अर्थ दुपारच्या विश्रांतीपुरता राहिला नव्हता. त्यात भीतीही होती.

या कलाकृतींत शटर वर-खाली होते, हे फार महत्त्वाचे. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कामात बाहेर पट्ट्यापट्ट्यांच्या पत्र्यावर कमळातली देवी आहे. शटर वर गुंडाळले की मागे दुसरे चित्र येते : हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. देवी वर गेल्याशिवाय त्या मुली दिसत नाहीत. शटरची उघडमीट काढून टाकली, तर या चित्राचा अर्थच उरणार नाही. वस्तू उचलून दालनात ठेवणे सोपे असते. तिचे रोजचे काम कायम ठेवून तिच्याकडून असे काही बोलवून घेणे अवघड. म्हणूनच दोडियांची शटरे वॉरहॉलच्या डब्यांपेक्षा खोलवर जातात. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनातल्या मुंबई विभागात त्यांचे काम मांडले गेले होते.

या कलेचा कच्चा माल विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत आजही समोर आहे. इमारतींच्या तळमजल्यावर गाळे, प्रत्येक गाळ्याला शटर. फ्लेक्स आल्यापासून शटरांवरची हाताने रंगवलेली अक्षरे मात्र सगळीकडेच झपाट्याने मागे पडली आहेत. ती रंगवणाऱ्या पेंटरचे नाव सहसा कुठे नोंदलेले नसते. वाचकांनी आपल्या रस्त्यावरची अशी शटरे सकाळी दुकाने उघडण्याआधी पाहावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि दुकानदाराला पेंटरचे नाव विचारून लिहून ठेवावे.