मांजर का नाही?

ठाणे किंवा कल्याण स्थानकावर पोलिसांचा कुत्रा बेवारस पिशवी हुंगताना आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पाहिला असेल. मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. ठाणे, मुंब्रा येथील संभाव्य स्फोटही त्यामुळे टळले. मग वर्गात एखादा विचारतोच, या कामाला मांजर का नाही?

‘मांजराचे नाक कमजोर’ हे उत्तर आम्हांला मान्य नाही. कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हुंगतो. आत घेतलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा वेगळ्या वाटेने थेट गंधपेशींकडे जातो. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून निघतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. मांजराच्या आखूड तोंडातही वळणावळणाच्या मार्गांत हवेची अशीच विभागणी होते, हे २०२३मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून दिसून आले.

एका बाबतीत तर मांजरच सरस. हद्दीची खूण हुंगून बोका तोंड अर्धवट उघडे ठेवून थबकतो (हे जरूर पाहावे!), तेव्हा तो वास टाळूवरील जेकबसन अवयवाकडे पोचवत असतो. तेथील ‘व्ही१आर’ या ग्राहकांची कार्यक्षम जनुके मांजरात सुमारे ३०, कुत्र्यात जेमतेम ९. डोंबिवलीतल्या एखाद्या चाळीच्या जिन्यात रात्री कोणते मांजर येऊन गेले, हे त्या बोक्याला बहुधा असेच कळते.

खरा फरक स्वभावाचा. कळपाने राहणाऱ्या लांडग्यांचा वंशज असलेला कुत्रा माणसाच्या शाबासकीसाठी पुन्हापुन्हा तेच काम करतो. मांजर एकट्याने शिकार करणारे. गर्दीच्या फलाटावर ते पिशवी सोडून बाकाखाली दडेल.