सहाव्या वर्षीची दाढ

मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ येते. ही दाढ कायमची असते. परंतु ती दुधाचीच समजून पुष्कळ पालक तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्याने दातांचे कवच पोखरले जाते. म्हणून शालेय पोषण आहारानंतर शिक्षकांनी मुलांकडून खळखळून चुळा भरून घ्याव्यात. रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने, वाटाण्याएवढीच घेऊन, दात घासणे आवश्यक होय. राखेने किंवा विटेच्या पुडीने दात झिजतात. मिश्रीविषयी मात्र अधिक स्पष्ट बोलावयास हवे. ती भाजलेली तंबाखूच होय, आणि मुले ती घरातील वडीलधाऱ्यांचे पाहूनच लावू लागतात. ग्रामसेवकाने येथे भीड बाळगू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांचे दातही तपासते. कीड वरवर असतानाच दाढ भरून घेता येते. ठणका लागेपर्यंत थांबल्यास बहुधा ती काढावी लागते. पथकाने चिठ्ठी दिली, की मुलाला रुग्णालयात नेण्याचे काम पालकांचे. सुगीच्या दिवसांत नेमके तेच राहून जाते. तेव्हा कोणाची चिठ्ठी घरीच पडून आहे, याची यादी शिक्षकांनी ग्रामसेवकाकडे द्यावी.