परत आलेली नऊवारी

गुढीपाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी आमच्या दारात एक पार्सल परत आले. सूनबाईने ते माझ्यासमोरच जेवणाच्या टेबलावर उघडले. आत हिरव्या रंगाची शिवलेली नऊवारी होती. घडी मोडताच निऱ्यांतून मोगऱ्याच्या दोन वाळलेल्या कळ्या टेबलावर पडल्या. पदराला हळदीचे बोट लागलेले होते. सूनबाईने मोबाइल उघडून परतीचे कारण मला दाखवले. तिथे लिहिले होते : 'माप बसले नाही'.

"बाबा, माप बसलं नाही म्हणे," ती म्हणाली, "मग पाडव्याला काय नेसून मिरवली ही?"

मी हसलो, ती हसली नाही. मग मलाही माझे हसणे अवघड वाटले.

आम्ही डोंबिवलीचे. पाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा आमच्या गावातून सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर गेली. त्या यात्रांनी नऊवारीला नवे दिवस दाखवले. पण नऊवारी नेसता येणाऱ्या बायका घरोघर उरलेल्या नाहीत. म्हणून शिवलेली नऊवारी आली. निऱ्या शिवलेल्या, काष्टा शिवलेला, कंबरेला इलॅस्टिक. पायजम्यासारखी चढवायची आणि पदर खांद्यावर टाकायचा, की पाच मिनिटांत पेशवाई थाट. २०२०च्या टाळेबंदीत सूनबाईची बालवाडीतली नोकरी गेली, तेव्हा तिने हे शिवण शिकून घेतले. आज तिच्याबरोबर आणखी दोघी जणी शिवतात. माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकला जातो. मी सकाळी कादंबरी लिहितो आणि दुपारी तिचे हिशेब. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची कादंबरी घरात कोणी वाचो न वाचो, त्याची बेरीज मात्र सगळे विश्वासाने घेतात.

तर ती बेरीज अशी. एका नऊवारीची किंमत चौदाशे पन्नास रुपये. कापड, शिलाई, बाजारपेठेचे कमिशन, वाहतूक हे सगळे वजा जाता सूनबाईच्या हाती सुमारे एकशे ऐंशी राहतात. तीच नऊवारी परत आली, की परतीची वाहतूक, वाया गेलेले पॅकिंग, धुलाई आणि इस्त्री मिळून अडीचशेच्या आसपास खड्डा पडतो. म्हणजे दोन परतींनी तीन विक्रींची कमाई जवळजवळ पुसली जाते. शिवाय परतीची मुदत संपेपर्यंत विकल्या मालाचेही पैसे हाती येत नाहीत. काही पार्सले तर गिऱ्हाईक दारातच नाकारते. त्याला या धंद्यात 'आरटीओ' म्हणतात, म्हणजे माल निघाला तिथेच परत. पहिल्यांदा सूनबाईने "आज तीन आरटीओ झाले" असे सांगितले, तेव्हा मी तिला लायसन्सबद्दल विचारले होते.

त्या दुपारी मात्र विनोदाची वेळ नव्हती. ती तावातावाने मोबाइलवर जुन्या ऑर्डरी चाळत बसली आणि म्हणाली, "ही बघा, खरी सराईत. नाशिकची. सात घेतल्या, पाच परत केल्या. आधी हिचा बंदोबस्त करायला हवा."

बंदोबस्त म्हणजे काय करणार? कोपऱ्यावरचा दुकानदार नकोशा गिऱ्हाइकाला 'माल संपला' सांगून वाटेला लावू शकतो. पूर्वी ईबेवर विक्रेत्याला नको त्या खरेदीदाराचे नाव बंद यादीत टाकता येई. पण ईबेचे भारतातले दुकान २०१८मध्ये बंद झाले. सूनबाई जिथे विकते तिथे तिला गिऱ्हाईक निवडता येत नाही, गिऱ्हाइकाने मात्र तिला निवडायचे. उरली एकच वाट, बाजारपेठेकडे तक्रार करण्याची. "तुम्ही बँकेत असली पत्रं लिहिलीत ना, मग मला एक लिहून द्या," ती म्हणाली.

मी कागद ओढला. 'सदर ग्राहकाने वारंवार...' इथपर्यंत हात आपोआप चालला आणि थांबला. हे वाक्य मी पूर्वी लिहिले होते. शब्द न् शब्द हेच.

१९९४ साल असेल. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. शेतीपंपांचे सुटे भाग विकणारा एक लहान दुकानदार आमचा खातेदार होता. सहा महिन्यांत त्याचे तीन चेक शिल्लक नसल्याने परत गेले. चेक न वटणे हा गुन्हा ठरवणारे १३८ कलम १९८९पासून लागू झाले होते आणि आम्ही तरुण अधिकारी त्या कलमाच्या जोरावर जरा ताठ चालत असू. मी चेक रिटर्न रजिस्टर उघडले, तीन नोंदी मोजल्या आणि पत्र लिहिले : सदर ग्राहकाने वारंवार चेक परत येऊ दिल्याने त्यांची चेकबुकाची सोय बंद करण्यात येत आहे.

तो दुसऱ्या दिवशी आला. भांडला नाही. टेबलापाशी उभा राहून एवढेच म्हणाला, "साहेब, माझे चेक परत गेले हे खरं. पण लोकांनी मला दिलेले चेक तुमच्याकडंच पडून आहेत, त्यांचं काय?"

तेव्हा बाहेरगावचा चेक वसूल होऊन यायला दोन-तीन आठवडे लागत. आता चेकचे नुसते चित्र जाते. त्या काळी कागद पोस्टाने जायचा. त्याला आलेले चेक वसुलीला लावल्याची नोंद दुसऱ्या रजिस्टरात होती आणि ते रजिस्टर त्याच टेबलावर, माझ्या डाव्या हाताला होते. मी ते उघडलेच नव्हते. माझी मोजणी बरोबर होती आणि निष्कर्ष चुकीचा. पण पत्र मागे घेण्याचा मोठेपणा माझ्या वयाला तेव्हा झेपला नाही. वर्षअखेरीस त्याने खाते बंद केले. त्याचा धंदा पुढे रोखीवर कसा चालला, चालला की नाही, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

हे मी सूनबाईला सांगितले. ती ऐकून म्हणाली, "तुमचं वाईट वाटणं ठीक आहे बाबा, पण माझे अडीचशे रुपये कोण देणार?" प्रश्न रास्त होता. माझ्या पश्चात्तापाचा भुर्दंड तिने का भरावा? म्हणून आम्ही एक तोडगा काढला. पत्र तीन महिने थांबवायचे आणि तोवर दुसरे रजिस्टर उघडायचे.

त्या रजिस्टरात रकाने असे होते : गिऱ्हाइकाने दिलेले कारण, किती दिवसांनी परत केले, टॅग जागेवर आहे का आणि कपडा कोणत्या स्थितीत आला. मागच्या परतींपैकी जेवढ्यांचे फोटो होते, त्याही भरल्या. तीन महिन्यांनी रजिस्टर वाचले, तेव्हा सूनबाईच्या आधी मीच गप्प झालो. नाशिकच्या बाईंच्या पाचही नऊवाऱ्या दोन दिवसांच्या आत परत निघाल्या होत्या. टॅग शाबूत. डाग नाही, वास नाही. घडी तर आमच्यापेक्षा नीट. दर वेळी कारण एकच, माप. आणि मोगऱ्याच्या कळ्यांसकट परत आलेली ती हिरवी नऊवारी? त्या गिऱ्हाइकाची ती पहिलीच खरेदी होती. 'वारंवार' हा शब्द तिला लागूच नव्हता. परतींची संख्या एका रकान्यात होती, अप्रामाणिकपणा भलत्याच रकान्यात.

मग सूनबाईने बाजारपेठेच्या निरोपाच्या सोयीतून नाशिकला दोन ओळी पाठवल्या : आपल्याला आमचे माप वारंवार बसत नाही, काय चुकते ते सांगाल का? संध्याकाळी उत्तर आले. 'तुमच्या तक्त्यात कंबर आहे, उंची नाही. मी चार फूट दहा इंच आहे. कंबर बसते, पण नऊवारी टाचेखाली लोळते. दोन रंग फारच आवडले म्हणून ठेवले आणि घरी आखूड करून घेतले.'

एवढी साधी गोष्ट! शिवणाऱ्या तिघीही पाच फूट तीन इंचांच्या पुढच्या. त्यांच्या हे ध्यानातच आले नव्हते. तक्त्यात उंचीचा रकाना आला, एक आखूड माप निघाले आणि मापाच्या कारणाने येणाऱ्या परती निम्म्यावर आल्या. ज्या बाईचा बंदोबस्त करायचा होता, तिने दुकानाची चूक फुकटात शोधून दिली होती.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या दुकानाची गोष्ट यावरून आठवते. १९१२मध्ये त्याच्या संस्थापकाने खाली रबर आणि वर चामडे असलेले शिकारीचे बूट टपालाने विकले. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद उसवून परत आल्या. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारला आणि त्या परतींवरच दुकानाची पत उभी राहिली. पण गोष्ट इथे संपत नाही. कधीही परत आणा म्हणणाऱ्या त्याच दुकानाने २०१८मध्ये ती हमी एका वर्षावर आणली, कारण लोक वर्षानुवर्षे वापरलेल्या, अगदी जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तूही आणून पैसे मागू लागले होते. म्हणजे भलेपणालाही रजिस्टर लागतेच.

आमच्या पिढीने 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य प्रत्येक पावतीवर वाचले आणि मुकाट्याने खिशात घातले. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. हे योग्यच आहे. पण 'मन बदलले' म्हणून परत करण्याची मुभा या नियमांनी दिलेली नाही. ती बाजारपेठेने आपल्या धंद्यासाठी दिली आहे आणि तिचे बिल बऱ्याचदा सूनबाईसारख्यांच्या नावावर फाटते. युरोपात कायद्यानेच चौदा दिवसांची मुभा आहे. पण वस्तू पारखण्यापुरती हाताळणे आणि वापरणे यांत तो कायदा फरक करतो. वापराने किंमत उतरली, तर ती ग्राहकाने सोसायची. अंगाला लावून पाहणे वेगळे आणि नेसून मिरवणे वेगळे, हे आपल्या आजीलाही पटले असते.

मग मिरवणाऱ्यांचे काय केले? भांडण नाही केले. भांडणाने गिऱ्हाईक जाते, शेरा वाईट मिळतो आणि डाग तसाच राहतो. आता टॅग आतल्या बाजूला नसतो. पदरावर, खांद्याजवळ, मोठ्या टाक्यांनी शिवलेला असतो आणि तो तोडला तर माल परत घेतला जाणार नाही, असे त्यावर मराठीत लिहिलेले असते. तो ठेवून कोणी शोभायात्रेत जात नाही. पार्सल भरतानाचा आणि परत आलेले उघडतानाचा असे दोन व्हिडिओ काढून ठेवले जातात. डाग असेल, तर बाजारपेठेकडे त्याच दिवशी पुराव्यानिशी दावा जातो. दर वेळी मिळतो असे नाही. पण दाव्यात आता 'सदर ग्राहक वारंवार' असे काही नसते. फक्त डागाचा फोटो आणि तारीख असते.

आणखी एक गोष्ट सूनबाईला सुचली. ज्यांना एका दिवसापुरतीच नऊवारी हवी आहे, त्यांना ती विकत का घ्यायला लावायची? डोंबिवलीत आणि आसपास तिने अनामत घेऊन नऊवारी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पूर्वी विकत घेऊन परत करणाऱ्यांतले कोणी आता भाडे भरतात की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. भाड्याने नेलेल्या नऊवारीतही मोगऱ्याच्या कळ्या सापडतात. त्या मात्र आम्ही आनंदाने झटकतो.

२०१८मध्ये ॲमेझॉनने फार माल परत करणाऱ्या काही ग्राहकांची खाती बंद केल्याच्या बातम्या अमेरिकी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. आधी सूचनाही मिळाली नाही, अशी काहींची तक्रार होती. त्यांत लबाड असतीलही. पण कोणी चार फूट दहा इंचांची बाईही असेल काय? यंत्र तीन नोंदी माझ्यापेक्षा लवकर मोजते, एवढेच. दुसरे रजिस्टर उघडावे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. मला ते एका दुकानदाराने सांगितले होते आणि तेव्हा मी ऐकले नव्हते.

नाशिकच्या बाईंनी त्यानंतर दोन नऊवाऱ्या मागवल्या. एक ठेवली. दुसरी परवा परत आली, कारण : 'रंग फोटोपेक्षा गडद'. सूनबाईने घडी उलगडून खिडकीतल्या उजेडात धरली, मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "खरंच की हो बाबा, गडद आहे." मग तिने रजिस्टरात नोंद केली आणि नवा फोटो काढायला नऊवारी घेऊन ती गच्चीवर गेली.