अखंड गीतांची तबकडी

गेल्या स्नेहसंमेलनांतील एक प्रसंग आम्ही विसरलों नाहीं. नृत्यासाठीं आम्हीं दोन गीतांची सी.डी. तयार केली होती. पहिलें गीत संपतांच दोन सेकंद शांतता पसरली व नाचणारीं मुलें गोंधळून उभीं राहिलीं. दुसरें गीत इतक्या मोठ्यानें सुरू झालें कीं, पुढच्या रांगेंतील आजीबाईंनीं कानांवर हात ठेविले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

तबकडीवरील रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणानें खुणा उमटवून गीत लिहिलें जातें. एकेक गीत स्वतंत्रपणें लिहिल्यास प्रत्येक वेळीं किरण थांबतो व मध्यें बहुधा दोन सेकंदांची पोकळी राहते. ‘डिस्क-ॲट-वन्स’ ही पद्धत निवडून अंतर शून्य ठेविल्यास लेखन अखंड होतें. एमपीथ्री गीतांच्या टोकांनाही किंचित् निःशब्द भाग असतो. म्हणून शक्य तर मूळ वेव्ह ध्वनिलेख घ्यावा.

आतां आवाजाविषयीं. लहरींचीं शिखरें समान केलीं, तरी गीतें कानास समान वाटतीलच असें नाहीं. कान सरासरी जोर जोखतो. २००१ सालीं पुढें आलेली ‘रिप्लेगेन’ पद्धत हाच जोर मोजते. मोठें गीत कमी करावें. लहान गीत फार वाढविल्यास सूर फाटतो. एकाच मैफलीच्या सर्व भागांस मात्र एकच माप लावावें, नाहीं तर हळुवार आलाप व द्रुत तराणा यांतील भेदच नाहींसा होईल.

विद्यार्थी मित्रहो, साधी कोरी तबकडी एकदां लिहिली कीं पुसतां येत नाहीं. म्हणून लिहिण्यापूर्वीं प्रत्येक सांधा एकवार ऐकावा.