चुनकळीतली उष्णता

चुनकळीवर पाणी ओतलं की ती तडतडते, फुटते, वाफा येतात आणि घमेल्याला हात लाववत नाही. खाली जाळ नसताना ही उष्णता येते कुठून?

भट्टीतून. चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ही उष्माग्राही अभिक्रिया; तिने शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग चुनकळीत राहतो. पाण्याशी संयोग होऊन अधिक स्थिर संयुग, म्हणजे चुना, बनलं की तो बाहेर पडतो. ही अभिक्रिया उष्मादायी. फक्त 56 ग्रॅम चुनकळीतून सुमारे 65 किलोज्यूल, म्हणजे पेलाभर पाण्याला जवळजवळ उकळी येईल इतकी उष्णता! मुलांनी हा प्रयोग एकट्याने मुळीच करू नये. उडालेल्या शिंतोड्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

भिंतीवर लावलेला चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, उरलेली उष्णता सावकाश सोडत.